तबकडी आणि तालीम

कोकणाचे नाव घेतलेली एक जॅझची तबकडी १९७०च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये मुद्रित झाली आणि तीस वर्षांहून अधिक काळ बाजाराचे तोंड न पाहता पडून राहिली. ‘कोकण डान्स’ हे तिचे नाव. गिटार अमान्सियो डिसिल्वा यांची, तबला केशव साठे यांचा. २००६ साली ती पहिल्यांदा विक्रीला आली तेव्हा डिसिल्वांना जाऊन दहा वर्षे झाली होती. मुंबईत जन्मलेला, मूळचा गोव्याचा हा माणूस वाजवीत होता, रचना करीत होता आणि उत्तरायुष्यात शिकवीतही होता. अशा माणसाचा परिचय लिहिताना पहिल्याच ओळीत ‘वादक, रचनाकार, शिक्षक’ असे लिहायची पद्धत पडली आहे. त्या ओळीतले स्वल्पविराम मला खटकतात. त्यांच्यामुळे असे वाटते की हे तीन वेगळे धंदे आहेत: पहिल्यात नाव, दुसऱ्यात मान आणि तिसऱ्यात महिन्याचे घरभाडे. या प्रस्तावनेत एवढेच मांडायचे आहे की जॅझ गिटारवादकाच्या बाबतीत हे एकच काम आहे, आणि त्याची कारकीर्द मोजायची तर नुसत्या तबकड्या मोजून भागत नाही, तालमीचाही हिशेब धरावा लागतो. हे म्हणणे रायपुरात बसून लिहिलेले असल्यामुळे त्यात थोडे या मातीचेही येईल. मुंबईहून हावड्याला जाणारी गाडी नागपूर सोडून इथून जाते, आणि या देशातला जॅझ बराचसा त्या दोन टोकांना वाजला. मधल्या गावातल्या मराठी वाचकाचा त्याच्याशी काय संबंध, हा प्रश्न रास्त आहे. त्याच्याकडे मी येणार आहे.

आधी माणूस. डिसिल्वांचा जन्म १९३६चा. ते वाढले त्या मुंबईत जॅझ ही चोरूनमारून ऐकायची गोष्ट राहिली नव्हती. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला. त्याच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला, मुंबईत रमला, पुढे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाजवू लागला आणि १९४५ साली तिथेच पटकीने गेला. या मंडळींच्या शेजारी बसून वाजवायला स्वरलिपी वाचता येणारे वादक लागत, आणि ते गोव्यातून येत. गोव्यातल्या चर्चच्या जोडीने चाललेल्या पॅरिश शाळांत पिढ्यान्‌पिढ्या मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना आधी स्वर वाचायला आणि मग व्हायोलिन धरायला शिकवीत. म्हणजे मुंबईच्या जॅझचा पाया, बारकाईने पाहिले तर, एका शिकवण्याच्या व्यवस्थेत होता. हॉटेलच्या झुंबराखाली जे वाजले त्याची तयारी सालसेत-बार्देशातल्या शाळेत, छडी हातात असलेल्या माणसासमोर झालेली होती. ही गोष्ट जॅझच्या इतिहासात एका वाक्यात उरकली जाते. माझ्या मते ती पहिल्या प्रकरणात यायला हवी.

१९६७ साली डिसिल्वा इंग्लंडला गेले. तिथे डेनिस प्रेस्टन हा निर्माता लॅन्सडाउन स्टुडिओत जॅझची एक मालिका काढीत होता. त्याने या गिटारवादकाला हेरले आणि १९६९ साली त्यांच्या नावाच्या दोन तबकड्या झाल्या. पहिली ‘इंटिग्रेशन’. तिच्यात डॉन रेन्डेल आणि इयन कार हे त्या काळच्या ब्रिटिश जॅझमधले अव्वल वादक. दुसरी ‘हम दोनो’. आपल्याला या नावाने देव आनंदचा १९६१चा चित्रपट आठवतो, पण इथले दोघे म्हणजे डिसिल्वा आणि जमैकाहून आलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट. एक गोव्याच्या वंशाचा मुंबईकर, एक कॅरिबियन, आणि नाव हिंदुस्थानी. लंडनमध्ये दोघेही बाहेरचे होते आणि तबकडीचे नाव ते कुणापासून लपवीत नाही. रचनांची नावे वाचत गेलो तर एक नकाशाच उलगडतो: ‘गँजेस’, ‘जयपूर’, ‘महाराणी’, ‘बॅलड फॉर गोवा’, पुढे ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’. ‘जॉइस कंट्री’ हा आयर्लंडच्या पश्चिमेचा खराखुरा प्रदेश, आणि डिसिल्वांची पत्नी आयरिश होती. ‘स्टेफानोज डान्स’ हे मुलासाठी. तो मुलगा पुढे स्वतः गिटारवादक झाला. घर, गाव, नोकरीची ठिकाणे, सगळे रचनांत आले आहे. आणि तरीही ही चित्रे नाहीत. कुठेही सतार वाजवल्याचा आव नाही, की घाटाच्या पायऱ्यांवरची घंटा नाही. गिटार गिटारच राहते.

यातली ‘जयपूर’ ही रचना नीट पाहण्यासारखी आहे, कारण ती एकाच वर्षी दोन्ही तबकड्यांवर आहे. ‘इंटिग्रेशन’मध्ये तिच्यामागे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स असा घट्ट बांधलेला संच. ‘हम दोनो’मध्ये इयन कारच्या हाती ट्रम्पेटऐवजी मऊ आवाजाचे फ्ल्यूगलहॉर्न, हॅरियटचा धारदार अल्टो सॅक्सोफोन, आणि नॉर्मा विन्स्टन हिचा शब्दांवाचून गाणारा आवाज. बासवादक डेव्ह ग्रीन दोन्हींकडे तोच, ड्रमवादक वेगळा. आता विचारावेसे वाटते की ‘जयपूर’ नावाची रचना नेमकी कोणती? कागदावर लिहिलेली सुरुवातीची आणि शेवटची ओळ दोन्हीकडे तीच. पण त्या दोन ओळींच्या मध्ये जे घडते ते दोनदा सारखे नाही, आणि ऐकणारा खरे तर त्या मधल्या भागासाठीच ऐकतो. ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बंदिश दोन ओळींची असते, राग तासभर चालतो. एकाच चिजेच्या दोन मैफलींना आपण दोन वेगळ्या गोष्टी मानतो आणि तरी चीज एकच आहे असेही मानतो. जॅझमध्ये हेच आणखी पुढे गेले. जॉर्ज गर्शविन याच्या १९३०च्या ‘आय गॉट रिदम’ या गाण्याची स्वरसंगतीची चौकट घेऊन चार्ली पार्कर आणि त्याच्या बरोबरीच्यांनी किती नव्या रचना उभ्या केल्या. रात्री त्या चौकटीवर उपज करता करता जो तुकडा वारंवार बोटांत येऊ लागला, तो सकाळी लिहून काढला की झाली नवी रचना. रचनाकार आणि वादक यांच्यामध्ये इथे रात्र आणि सकाळ एवढेच अंतर आहे. म्हणून पहिला स्वल्पविराम गेला, असे धरू.

दुसरा काढणे अवघड. वाजवणे आणि रचणे एक असेल; शिकवणे त्यात कसे बसते? त्यासाठी गिटारच्या शिकवणीत जे पहिल्या काही महिन्यांत सांगितले जाते, त्यातली एक बारीकशी गोष्ट जवळून पाहू. पांढरी एकचा सा धरा. जॅझमधल्या असंख्य गाण्यांत एक वळण सारखे येते: बास रे वर, मग प वर, मग सा वर. त्या प्रत्येक ठिकाणी गिटारवादक पूर्ण सहा तारा छेडीत बसत नाही. तो प्रत्येक कॉर्डमधले दोनच स्वर धरतो, बासच्या स्वरापासून मोजलेला तिसरा आणि सातवा, कारण कॉर्डचा स्वभाव त्या दोघांत असतो. रे च्या कॉर्डसाठी ते होतात म आणि वरचा सा. प च्या कॉर्डसाठी म आणि नी. सा च्या कॉर्डसाठी ग आणि नी. सगळे शुद्ध. आता बोटांकडे पाहा. पहिल्या जागेवरून दुसरीवर जाताना म हललाच नाही. फक्त वरचा सा एक पडदा उतरून नी झाला. दुसरीवरून तिसरीवर जाताना नी जागेवर राहिला आणि म एक पडदा उतरून ग झाला. बासने केवढ्या उड्या मारल्या, आणि वर दोन बोटांनी आळीपाळीने एकेक पायरी उतरली, बस्स. मधल्या जागी म आणि नी यांच्यात तीव्र मध्यमाइतके अंतर पडते; तो ताण ग वर सुटतो. आणि तिथेच थांबायचे नसेल तर ग आणि नी दोन्ही कोमल करा: दोन पडदे खालच्या पट्टीकडे जाणारा तोच रस्ता पुन्हा सुरू झाला.

हे समजलेल्या विद्यार्थ्याला काय मिळाले? एक गाणे मिळाले नाही, शेकडो गाण्यांची किल्ली मिळाली. तो आता दुसऱ्याच्या गायनाला साथ करू शकतो, म्हणजे वाजवू शकतो. आणि या उतरणीवर स्वतःची ओळ टाकू शकतो, म्हणजे रचू शकतो. हे सांगणाऱ्या शिक्षकाने तरी काय केले? त्याने आपल्या रचनेच्या पोटातली गोष्ट बाहेर काढून दाखवली. मैफलीत हीच उतरण ताशी किती वेगाने जाते ते ऐकणाऱ्याला कळतही नाही; शिकवताना ती थांबवून धरावी लागते, मोडून दाखवावी लागते, आणि मोडताना शिक्षकाला स्वतःलाच कळते की आपण सवयीने ग वर उतरतो, पण इथे म वर रेंगाळता आले असते. पुढच्या मैफलीत तो रेंगाळतो. वाजवण्यातून रचना, रचनेतून पाठ, पाठातून पुन्हा वाजवणे, असा हा घाणा फिरतो. त्यातला एक तुकडा कापून वेगळा ठेवला तर तेल येत नाही.

रायपूरच्या वाचकाला याचे उदाहरण शोधायला लंडनला जावे लागत नाही. इथून जवळच खैरागड आहे. तिथल्या राजघराण्याने आपल्या राजवाड्यात इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय थाटले ते १४ ऑक्टोबर १९५६ला. त्या दिवशी छत्तीसगडची राजधानी नागपूर होती. बरोबर अठरा दिवसांनी नवा मध्य प्रदेश झाला आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. या विद्यापीठाच्या सुरुवातीच्या वर्षांत कुलगुरूपदी होते श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, भातखंड्यांचे शिष्य. रातंजनकर गात होते, फैयाज खाँसाहेबांची तालीम घेतलेले होते. ‘सुजान’ या मुद्रेने त्यांनी चिजा बांधल्या आणि त्या ‘अभिनव गीतमंजरी’त छापल्या. आणि लखनौच्या मॅरिस कॉलेजात त्यांनी जे शिष्य घडवले त्यांत कृ. गुं. गिंडे, एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी ही नावे आहेत. आपल्या परंपरेत शब्द आणि सूर दोन्ही स्वतः बांधून गाणाऱ्याला वाग्गेयकार असा एकच शब्द आहे, आणि असा माणूस शिकवतो हे इतके गृहीत धरलेले की त्यासाठी वेगळे विशेषण लागले नाही. रातंजनकरांच्या ओळखीत कुणी ‘गायक, रचनाकार, शिक्षक’ असे स्वल्पविराम टाकत नाही. ‘पंडित’ म्हणतात आणि मोकळे होतात. जॅझ गिटारवादकाकडे वळलो की मात्र आपल्याला तीन रकाने लागतात. हा दोष गिटारचा नाही.

पण रातंजनकरांचेच उदाहरण माझ्यावर उलटवता येते, आणि ते उलटवणारे लोक अनाडी नाहीत. शिकवण्यात आणि कारभारात त्यांचा गवई हरवला, असे जाणकारांत नेहमी बोलले जाते. पहाटेपासून रात्रीपर्यंत पोरांचे बेसूर दुरुस्त करीत बसलेल्या माणसाचा गळा आणि कान दोन्ही झिजतात. शिवाय, आक्षेप घेणारा पुढे म्हणेल, जॅझवाल्यांनी शिकवायला घेतले ते काही वाग्गेयकाराच्या आदर्शाने नव्हे. हॉटेलांनी बँड काढून टाकले, रेस्तराँमधून नाचाची फरशी गेली, रेकॉर्डवर पोट भरेना, तेव्हा शिकवण्या घेतल्या. नाइलाजाला तत्त्वज्ञानाचा शेला पांघरू नये.

यातला व्यवहाराचा भाग मी पूर्णपणे मान्य करतो. पोटासाठी शिकवले हे खरेच आहे. पण पोटासाठी वाजवलेही. ताजमध्ये जेवणाऱ्यांच्या काट्याचमच्यांच्या आवाजात वाजवणे हे कोणते निष्काम कर्म होते? पोटासाठी केलेले एक काम कला ठरते आणि दुसरे नाइलाज, हा न्याय मला कळत नाही. प्रश्न एवढाच विचारावा की त्या कामातून संगीताचे काय झाले. त्यासाठी कलकत्त्याच्या टोकाकडे पाहू. कार्लटन किटो यांचा जन्म १९४२चा, बंगळुरूचा. मद्रासेत वाजवून ते १९७३ साली कलकत्त्यात आले आणि पार्क स्ट्रीटवरच्या रेस्तराँत वाजवू लागले. हा पार्क स्ट्रीटचा उताराचा काळ. किटो यांचा जीव बीबॉपमध्ये, म्हणजे १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये घडलेल्या त्या वेगवान, अवघड शैलीत. विजेवरची गिटार सॅक्सोफोनच्या तोडीने एकट्याने बोलू शकते हे ज्याने दाखवले तो चार्ली ख्रिश्चन त्यांचे दैवत. आणि तो तर पंचविसाव्या वर्षी, १९४२ सालीच गेलेला. म्हणजे किटो यांना गुरू मिळाला तो तबकडीतच. तबकडीवरून कानाने उतरवून घ्यायचे, सुई उचलायची, पुन्हा त्याच खाचेत ठेवायची. शहराची हवा बदलली, श्रोते रॉककडे गेले, तरी २०१६ साली जाईपर्यंत त्यांनी ती शैली सोडली नाही. ती टिकली कशी? रात्रीच्या वाजवण्यावर टिकणे शक्य नव्हते. कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिकमध्ये आणि घरी त्यांनी पोरांना शिकवले, आणि शिकवत राहिल्यामुळे स्वतःचा हात गरम राहिला. ‘फाइंडिंग कार्लटन’ हा सुशील कुरियन यांचा माहितीपट त्यांच्यावर निघाला तेव्हा बाहेरच्यांना त्यांचा शोध लागला. विद्यार्थ्यांना तो आधीच लागलेला होता. त्यांच्यामागे तबकड्यांची रांग नाही. तबकड्या हेच माप मानले तर किटो यांची कारकीर्द जवळजवळ नाहीच. हे माप चुकते, यासाठी आणखी पुरावा नको. गळा आणि कान झिजतात हा मुद्दा उरतो. तो खरा आहे, आणि गवयाच्या गळ्याइतका तो गिटारवादकाच्या बोटांना लागू नाही, एवढेच मी म्हणेन.

आता दुसऱ्या बाजूने येणारा आक्षेप अधिक बोचरा आहे. तालीम, तालीम म्हणता. पण मग डिसिल्वांची आठवण कशामुळे राहिली? तबकड्यांमुळेच ना? ‘हम दोनो’ची मूळ प्रत मिळवण्यासाठी संग्राहकांनी वर्षानुवर्षे दुकाने पालथी घातली, ‘कोकण डान्स’ची फीत कुणीतरी जपून ठेवली, म्हणून आज तुम्ही प्रस्तावना लिहिता आहात. त्यांनी लंडनमध्ये ज्यांना गिटार शिकवली ते विद्यार्थी कुठे आहेत? हा आक्षेप मी टाळत नाही, कारण माझ्या मूळ विधानाला त्याने बरोबर तडा जातो. तबकडी आणि तालीम यांत तबकडी हरते असे म्हणण्याचा मोह मलाही झाला असता. तसे म्हणता येत नाही. तबकडीने नाव टिकते, तालमीने पद्धत टिकते, आणि ही दोन टिकणी एकमेकांवाचून लंगडी आहेत. मडगावजवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस पाहा. व्हायोलिनवादक, हिंदी चित्रपटसंगीतातले वाद्यमेळ बांधणारे. १९५८ साली त्यांनी हिंदुस्थानी रागांवर मोठ्या वाद्यवृंदासाठी केलेल्या रचना मुंबईत सादर केल्या. शेकडाभर वादक होते आणि गायला लता मंगेशकर व मन्ना डे होते. एवढा पसारा, पण आज लोकांना त्या रचना ऐकून माहीत नाहीत. नाव मात्र पोराटोरांना माहीत आहे, कारण त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलालने १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचे नाव गाण्यात घातले. रचना गेल्या, आणि शिकवणीने नाव राखले. डिसिल्वांच्या बाबतीत उलटे: तबकडीने रचना राखल्या आणि शिकवणी अदृश्य झाली. म्हणून मी विधान थोडे बदलतो. जॅझ गिटारवादकाची कारकीर्द मोजताना जे दिसते त्याच्या शेजारी जे न दिसणारे आहे त्याची जागा रिकामी का होईना, पण आखून ठेवावी. आजवरच्या लेखनाने ती जागा आखलीच नाही.

राहिला तो परकेपणाचा प्रश्न. जॅझ न्यू ऑर्लिन्सचा, गिटार स्पेनची, हॉटेल साहेबांचे. त्यात छत्तीसगडातल्या मराठी माणसाचे काय? याला एक सोपे उत्तर आहे आणि एक थोडे लांबचे. सोपे असे की तुम्ही हे संगीत आधीच ऐकले आहे, फक्त पाटी वाचली नाही. १९५१च्या ‘अलबेला’ला संगीत दिले पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी. त्यातल्या नाचाच्या गाण्यांमागचा झगमगाट ज्या ट्रम्पेटवाल्याच्या मदतीने उभा राहिला तो चिक चॉकलेट, खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ, गोव्याचा, आणि मुंबईत ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखला जाणारा. तो त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. रायपूरच्या चित्रपटगृहांत आणि रेडिओवर दोन-तीन पिढ्यांनी जी गाणी ऐकली त्यांच्या पोटात हॉटेलातला जॅझ होता. आणि मराठी नाट्यसंगीताची साथ ज्या पायपेटीने, ऑर्गनने केली, तीही काही पैठणहून आली नव्हती.

लांबचे उत्तर माधवराव सप्रे यांच्याकडून येते. मराठी घरातला हा माणूस १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढतो आणि हिंदी गद्याला आकार देतो. पुढे दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेतो. सप्र्यांनी हिंदीत लिहिले म्हणून ते मराठीला परके झाले असे इथले कुणी म्हणत नाही. घरात एक भाषा, कामाची दुसरी, आणि दुसरीत काम करता करता पहिलीतले काहीतरी तिच्यात ओतणे, ही या प्रांतातल्या मराठी माणसाची भोसल्यांच्या काळापासूनची सवय आहे. डिसिल्वांनी तेच केले. जॅझ ही त्यांची कामाची भाषा, आणि तिच्यात ते कोकण, मुंबई, जयपूर बोलत राहिले. त्यामुळे त्यांच्या संगीताला ‘फ्यूजन’ची चिठ्ठी लावणे मला पुरेसे वाटत नाही. त्याच लंडनमध्ये १९६६ साली कलकत्त्याचे जॉन मेयर आणि हॅरियट यांनी ‘इंडो-जॅझ स्वीट’ केली होती: एका बाजूला जॅझचे पाच, दुसऱ्या बाजूला सतार-तबल्यासह पाच, मध्ये मेयर यांची काटेकोर लिपी. तिथे दोन संगीते समोरासमोर खुर्च्या मांडून बसतात. (मेयरही पुढे बर्मिंगहॅममध्ये शिकवू लागले, आणि तिथे हिंदुस्थानी संगीताचा पदवी अभ्यासक्रम उभा राहिला. घाणा तोच.) ‘हम दोनो’त सतार नाही, तबला नाही, आणि तरीही ‘बॅलड फॉर गोवा’ दुसऱ्या कुणाची वाटत नाही. ‘कोकण डान्स’मध्ये तबला आला तेव्हा तो केशव साठ्यांचा, ज्यांनी मेयर-हॅरियट यांच्या संचातही साथ केली होती. जॅझच्या बारावर वाजवताना कुठे ठेका धरायचा आणि कुठे हात आवरायचा हे एव्हाना त्यांच्या हाताला कळलेले होते. मुंबईचा एक मराठी तबलजी लंडनच्या स्टुडिओत हे कुणाकडून शिकला? दोन सुरांच्या मधल्या वेळेत, चहाच्या कपावर, गिटारवाल्याने बोटाने टेबलावर मोजून दाखवले असेल तर तीही तालीमच, आणि ती कुठल्याही वेष्टनावर छापलेली नाही.

पुढची पाने वाचताना वाचकाने तीन रकान्यांची सवय थोडी बाजूला ठेवावी, आणि डिसिल्वांच्या तबकड्या मिळतील तशा ऐकाव्यात. ‘जयपूर’ दोन्ही तऱ्हांनी, एकामागून एक. ऐकण्याआधी घरातली पेटी उघडता आली तर अधिक बरे. पांढरी एकचा सा. उजव्या हाताने म आणि वरचा सा एकदम दाबा, मग म आणि नी, मग ग आणि नी. डाव्या हाताला जमत असेल तर रे, प, सा. घाई करू नका. मधल्या जोडीवर भाता थोडा वेळ चालू ठेवा.